व्याह्यांचं चाक

माणसाला टक्कल पडलं तर तो टोपी घालतो. टायरला टक्कल पडलं तर त्याला वस्तादांच्या घरी आणतात.

वस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे, पण ड्रायव्हर लोकांनी एकदा तोंडात बसवलं आणि मग घरमालकापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. दुकान असं त्यांनी कधी घातलं नाही. घराची पुढची खोली हेच दुकान. खोलीत एक लोखंडी घोडी, घोडीवर टायर, आणि टायरसमोर पाठ वाकवून बसलेले वस्ताद. हातात पिस्तुलासारखी मूठ, मुठीच्या पुढे वाकवलेलं पोलादी पातं. वीज लागली की पातं तापतं, लालसर होतं, आणि मग ते रबरात असं शिरतं की काही विचारू नका. वस्ताद मूठ अंगाकडे ओढत आणत, आणि पात्यामागून रबराची काळी साल गुंडाळत गुंडाळत बाहेर पडे. धूर होई. धुराला जळक्या रबराचा वास, आणि तो वास भिंतीत, गादीत, डाळीच्या डब्यात, सगळीकडे. लेक लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तिच्या कपड्यांनाही महिनाभर तोच वास येत होता. तिचे सासरे जीप चालवतात. ते चारचौघांत म्हणाले होते, "सून कशी, वासावरूनच कळतं, ड्रायव्हरच्या घरची!" सगळे हसले होते. लेकही हसली होती, पण नंतर आईजवळ रडली.

आता यात कसब काय, असं कोणी विचारेल. रेघा ओढायला काय लागतं? तर कसब विचारण्यात होतं. ड्रायव्हर टायर घेऊन आला की वस्ताद आधी टायरकडे बघत नसत, ड्रायव्हरकडे बघत. कुठल्या वाटेने जातोस? चिखल किती, खडी किती? उताराला गाडी कुठल्या अंगाला ओढते? ओझं मागे भरतोस की मधोमध? मग डोळे मिटून क्षणभर ती वाट बघितल्यासारखं करत आणि खडू घेत. चिखलात जाणाऱ्याला तिरप्या, रुंद खाचा, म्हणजे चिखल पकडून न ठेवता बाहेर फेकतील. खडीवर चालणाऱ्याला आडव्या, बारीक. पावसाळी डांबरावर पळणाऱ्याला लांबच लांब सरळ, पाण्याला वाट मिळावी म्हणून. एकाची नक्षी दुसऱ्याला चालत नसे. ज्याचं त्याचं माप वेगळं, शिंप्याकडे असतं तसं.

आणि कसब थांबण्यात होतं. नव्या टायरच्या खाचा झिजून गेल्या तरी खाली रबराचा एक थर शिल्लक असतो, आणि त्या थराच्या खाली दोऱ्यांचं विणलेलं कापड. रबर ही कातडी, कापड ही हाडं. वस्तादांचं सगळं आयुष्य त्या कातडी आणि हाडांच्या मधल्या जागेत गेलं. पातं तिथपर्यंत न्यायचं आणि हाडाला न शिवता परत आणायचं. एका टायरला हे एकदाच करता येतं. दुसऱ्यांदा केलं तर कातडी उरतच नाही.

म्हणून त्यांचा एक नेम होता. कापून झालेल्या टायरच्या कडेला, जी कड रिमच्या आत दडते तिथे, तापलेल्या पात्याचं टोक टेकवून ते एक डाग देत. बाहेर दिला तर जुने टायर विकणारे त्यावर काळा रंग फासतात आणि तोच टायर नवा म्हणून गळ्यात मारतात. आतला डाग कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी पुसत नाही. कोणीही टायर आणला की वस्ताद म्हणत, "आधी रिम काढून आण." मग बोट घालून आतली कड चाचपत. डाग लागला तर टायर तसाच परत. कितीही ओळखीचा असो, कितीही गयावया करो.

पण माणूस थकतो. वस्ताद थकले होते, आणि ते एका दिवसाचं थकणं नव्हतं. धुराने डोळ्यांना कायमचं पाणी लागलं होतं. कंबर सकाळी उठताना एकदा आणि दुपारी उठताना एकदा, अशी दोनदा दगा देई. जेवताना प्रत्येक घासाला रबराची चव. रात्री झोप लागे, पण ती झोप विश्रांतीची नसे, पडून राहण्याची असे. शेवटी एके दिवशी त्यांनी पात्याची वायर गुंडाळली, खिळ्याला अडकवली आणि बायकोला म्हणाले, "आता पुरे."

बायको म्हणाली, "मागच्या वर्षीही पुरे होतं."

"आता खरंच पुरे."

तिने पुढची खोली धुवायला काढली. साबणाने, सोड्याने, पुन्हा साबणाने. फरशीचा मूळ रंग पिवळसर होता हे दोघांनाही विसरायला झालं होतं. चार दिवस खोलीला खोलीचा वास आला.

मग एका सकाळी दारात व्याही उभे. खांद्यावर चाक.

व्याही म्हटलं की आधी चहा. चहा झाला, तब्येती विचारून झाल्या, ऊन किती वाढलंय हेही झालं. चाक दाराशी भिंतीला टेकून उभं होतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. शेवटी व्याही म्हणाले, "टायर चांगला आहे हो. जुन्या बाजारात मिळाला. फक्त गुळगुळीत झालाय. तुमचा हात लागला की वर्षभर बघायला नको."

"मी काम बंद केलंय," वस्ताद म्हणाले.

"लोकांसाठी बंद केलं असेल. आम्ही काय लोक?"

वस्तादांनी आत बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती डोळ्यांनी बोलली, आणि ते बोलणं वस्तादांना स्पष्ट ऐकू आलं. गेलं वर्षभर लेकीच्या घरी धुसफूस होती. जावयाला जीप चालवायची नव्हती, त्याने वायरिंगची कामं घ्यायला सुरुवात केली, आणि त्याचं खापर व्याह्यांनी सुनेच्या डोक्यावर फोडलं. तिनेच पोराचे कान फुंकले म्हणे. महिनोन्‌महिने सासरा सुनेच्या हातचं पाणी घेत नव्हता. आत्ता कुठे घर थोडं निवलं होतं. आत्ता कुठे व्याही आपण होऊन दारात आले होते.

"रिम काढून..." वस्तादांनी सुरुवात केली.

"राहू द्या हो. दुपारची फेरी आहे, आता कुठे रिम काढत बसता? आणि काढून द्यायला मला सांगणार? व्याह्याला?" व्याही हसले. "कापा असाच."

वस्तादांच्या मनात आलं, म्हणावं, तुमच्यासाठी तरी नेम कशाला मोडू? पण ते शब्द घशापर्यंत आणायलासुद्धा जोर लागतो, आणि तेवढा जोर त्या सकाळी त्यांच्यात नव्हता. त्यांनी खिळ्यावरची वायर काढली.

व्याही समोर खुर्चीवर बसून बोलत होते. कुठल्या ड्रायव्हरने कोणाला कट मारला, कोणाची गाडी बँकेने ओढून नेली, स्टँडवर नवा आलेला पोरगा कसा शेंबडा आहे पण हॉर्न किती मोठा लावलाय. वस्ताद हं, हं करत होते. पातं चालत होतं. एका जागी ते अडखळलं. अगदी जरासं, म्हातारा बैल चालता चालता उगाच थबकतो तसं. वस्तादांच्या हाताला ते कळलं. एरवी ते तिथल्या तिथे थांबले असते, पातं काढून, चष्मा पुसून, खाच उघडून बघितली असती. पण थांबलं की पुन्हा वाकावं लागतं. त्यांनी मनाशी म्हटलं, हात थरथरला असेल, आणि पातं पुढे ओढलं.

काम झालं. व्याह्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला. "वा. नवरदेवच केलात की त्याला." आणि चाक खांद्यावर टाकून ते गेले.

बायको झाडू घेऊन आली. चार दिवसांची स्वच्छ खोली पुन्हा काळी झाली होती. साली गोळा करून पोत्यात भरताना ती थांबली. एक साल तिने उजेडाकडे धरली.

"अहो, हे केस कसले?"

"कुठले केस?"

"सालीत. पिवळे."

वस्तादांनी साल हातात घेतली. काळ्या रबराच्या एका बाजूला बारीक पिवळट दोरे चिकटले होते, तुटलेले, टोकाला पिंजारलेले. ते त्यांनी बोटाने ओढून बघितले, जणू ओढल्याने ते वेगळं काही ठरणार होतं. मग ते खाली फरशीवरच बसले.

बायकोला इतक्या वर्षांत सगळं ठाऊक झालं होतं. तिने झाडू भिंतीला टेकवला. "कापड लागलं?"

"लागलं."

"पण तुम्ही तर कधी..."

"आधीच कापलेला होता. आणि या भागात कापणारा दुसरा आहे कोण? माझाच असणार. मीच कापलेला, मीच पुन्हा कापला."

खोलीत धूर अजून तरंगत होता. वस्तादांना तो टायर दिसत होता. घाटात, भरलेली जीप, सगळे ड्रायव्हर ज्याला भितात त्या तिसऱ्या वळणाच्या उतारावर ब्रेक दाबला की सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं. तुटलेल्या दोऱ्याच्या जागी टायर आधी फुगतो, गालात सुपारी धरल्यासारखा. मग फुटतो. कदाचित आज नाही फुटणार. कदाचित आठवड्याने फुटेल. त्या कदाचितला काही अर्थ नव्हता.

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजून थांबला. हात स्टिअरिंगवर असताना व्याही फोन उचलत नसत. चांगलीच सवय होती ती. मग लेकीला लावला.

"मामंजी? ते चाक चढवून मघाशीच स्टँडवर गेले," लेक म्हणाली. "काय झालं बाबा?"

"काही नाही. काम होतं."

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?" ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या गाडीबद्दल काही बोलणार असाल तर नका बोलू हां. त्यांना गाडीबद्दल बोललेलं खपत नाही. आज सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे चहा मागितला त्यांनी. आपण होऊन."

वस्तादांनी फोन ठेवला. बायको समोरच उभी होती. फोनमधलं तिला ऐकू गेलं नव्हतं, पण वस्तादांच्या चेहऱ्यावरून तिने वाचलं असावं.

"फोनवर नका सांगू कोणाला," ती म्हणाली. "तोंडावर जाऊन सांगा."

"आणि लेकीचं?"

"गाडीत बसलेत त्यांनाही लेकी असतील," ती म्हणाली आणि त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

एका ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना स्टँडवर सोडलं. जीप लिंबाच्या सावलीत उभी होती आणि भरली होती. एका जीपमध्ये किती माणसं मावतात याला कायद्यात एक उत्तर आहे आणि स्टँडवर दुसरं. मागे मांडीवर मांडी, मध्ये गाठोडी, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारा आणि एक बाई, बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल. एक जागा अजून भरायची होती, म्हणून व्याही थांबले होते. वस्तादांना बघून त्यांनी हात वर केला.

"या या! शेवटची सीट तुमचीच. कुठे सोडू?"

वस्तादांनी आधी चाकं बघितली; ताज्या खाचा पुढच्या डाव्या चाकाला होत्या. मग ते खिडकीशी गेले. "जरा खाली या."

"बोला ना. इथे सगळे आपलेच आहेत."

"खाली या हो."

"आता काय कानात सांगणार? बोला."

मग वस्तादांनी तिथेच सांगितलं. आवाज मोठा केला नाही, पण लहानही केला नाही. "पुढचं डावं चाक काढा. मी कापताना कापडाला पातं लागलं. हा टायर घाटात न्यायचा नाही."

जीपमधली कुजबुज थांबली. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तिथेच विसरल्यासारखं राहिलं.

"सकाळी कापलात तेव्हा डोळे मिटले होते काय?"

"मिटले नव्हते. थकले होते."

"आणि हे आत्ता सांगता? भरल्या गाडीत? चार माणसांदेखत?"

मागून एकजण म्हणाला, "अहो, आम्हाला तिथे दोनच्या आत पोचायचंय." दुसरा म्हणाला, "पोच की. पायाने पोच." शेजारच्या जीपचा ड्रायव्हर पान थुंकून जवळ आला. त्याच्या मागून आणखी दोघे आले. यातल्या दोघांच्या गाड्यांना वस्तादांनी कापलेले टायर होते. त्यांनी आपापल्या गाड्यांकडे वळून बघितलं, आणि ते बघणं वस्तादांनी बघितलं.

व्याह्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, एक फेरी मारून येतो. उतरताना हळू घेतो. संध्याकाळी बदलू, गुपचूप. तुमचीही लाज राहील, माझीही."

"हळू घेतल्याने दोरा शिवला जात नाही."

"स्टेपनी बरी आहे, पण आत्ता सगळ्यांना उतरवून बदलत बसलो तर ही माणसं दुसऱ्या गाडीत जातील. समजून घ्या जरा."

"सगळं समजतंय."

"मग सरका."

व्याह्यांनी किल्ली फिरवली. वस्ताद सरकले, पण मागे न जाता पुढे गेले आणि डाव्या चाकाशी उकिडवे बसले. कंबरेने सवयीने दगा दिला, तसे ते मातीत बसकणच मारून बसले. व्हॉल्व्हचं टोपण काढायला वेळ लागला नाही. खिशातल्या छोट्या पान्याने त्यांनी आतली पिन फिरवली, आणि हवा सुटली. लांब, एकसारखा, सापासारखा आवाज. जीप त्या कोपऱ्यात हळूहळू वाकली, जसं एखादं जनावर पुढचे गुडघे टेकतं. पिन त्यांनी मुठीत धरून ठेवली.

"अहो, अहो!" व्याही दार उघडून उतरले. "वेड लागलं काय तुम्हाला?"

वस्ताद चाकाला पाठ टेकून बसून राहिले. हवा जातच होती.

माणसं उतरली. कोणी वैतागून, कोणी हसत. बाईने मूल खांद्यावर घेतलं आणि जाता जाता वस्तादांकडे एकदा बघितलं. आभार मानायचे की शिव्या द्यायच्या हे तिचं ठरलं नव्हतं. शेजारच्या जीपवाल्याने सगळ्यांना आपल्याकडे बोलावलं. दोघाचौघांत एक वाक्य वाऱ्यासारखं फिरत होतं: वस्तादाचा हात गेला.

व्याही पुन्हा आपल्या सीटवर जाऊन बसले. दार धाडकन लावलं. काचेतून समोर बघत म्हणाले, "आज सोयरीक संपली समजा."

वस्तादांनी मागून जॅक आणि पाना आणला. जॅक बाजूला ठेवला आणि आधी नट सोडवायला लागले. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा काही केल्या हलेना. ते पान्यावर दोन्ही हातांनी लोंबकळले, थांबले, श्वास घेतला, पुन्हा लोंबकळले. घाम डोळ्यात गेला, डोळ्यातलं पाणी घामात मिसळलं. शेजारची जीप भरून निघून गेली. सावली गाडीवरून सरकून वस्तादांच्या पायाशी आली. ते पान्याला धरून तसेच उभे होते, कारण सोडून बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

दार उघडल्याचा आवाज झाला.

"सरका," व्याही म्हणाले. "असं नाही सुटत ते. सकाळी मीच पायाने आवळलेत."

त्यांनी पान्यावर पाय दिला आणि अंगाचा सगळा भार टाकला. नट करकरला आणि सुटला. मग दोघांनी मिळून गाडी जॅकवर उचलली. स्टेपनी चढली. व्याह्यांनी हात मातीने चोळून पुसले. बराच वेळ ते काढलेल्या चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली बसून एका खाचेत नख घातलं आणि खाच फाकवली. काळ्याच्या तळाशी पिवळा दोरा दिसला. तिथेच बाजूला आणखी एक. खाच सोडल्यावर त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं, जखमेला लागल्यासारखं.

"तिसऱ्या वळणावर," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच टाकून उठले.

"सुनेला काही बोलू नका," वस्ताद म्हणाले. "तिचा यात काही संबंध नाही."

"तिला काय बोलायचं ते मी बघीन. माझ्या घरचं मला कळतं." मग ते म्हणाले, "तुम्ही खरंच बंद केलंत काय काम?"

"केलं होतं. आता झालं."

"माझ्यामुळे?"

"नाही हो. हाताला कळलं होतं, आणि मी ऐकलं नाही. असल्या हाताने कापू नये."

व्याही जीपमध्ये बसले. फेरीची वेळ गेली होती, पण पुढच्या फेरीसाठी रांगेत उभं राहायला हवं होतं. किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"ते चाक तुम्ही घेऊन जा."

"रिम तुमची आहे."

"रिम नंतर पाठवा. आत्ता चाकच न्या. माझ्याकडे राहिलं तर एखाद्या दिवशी घाईत मी ते लावीन. मी मला ओळखतो."

जीप रांगेत गेली. वस्तादांनी चाक उभं केलं आणि रस्त्याला लागले. हवा नसलेलं चाक धड चालत नाही. चार पावलं गेलं की एका अंगाला कलतं, आणि मग त्याला खांद्याने आधार देऊन पुन्हा उभं करावं लागतं. वस्ताद थांबत, उभं करत, पुढे जात. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि वेग कमी करून विचारलं, "वस्ताद, सोडू का घरापर्यंत? चाक मागे टाका."

वस्तादांनी नकाराची मान हलवली. ट्रकमध्ये चढायचं तर आधी ते चाक उचलावं लागलं असतं, आणि आज आणखी काही उचलायचं त्यांच्या अंगात राहिलं नव्हतं. ट्रक पुढे गेला. वस्तादांनी कललेलं चाक पुन्हा सरळ केलं.